राज्याचा पैसा लोकसभेच्या उमेदवारावर उडवलाय असा संशय आला तर तक्रार कशी करायची (गोवेकरांसाठी)

लोकसभेची निवडणूक लागली की आमच्याकडे गावागावात तेच प्रश्न फिरायला लागतात. आमदाराने स्वतःच्या पैशाने खासदारकीच्या उमेदवाराचे बॅनर लावलेत ते चालतं का, सरकारी कार्यक्रमात उमेदवाराला स्टेजवर बसवला त्याचं बिल कोण भरणार, प्रदेश पक्षाने मांडव घातला तर तो उमेदवाराच्या खर्चात येतो का नाही. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण, तिसऱ्या दिवशी कुणीतरी गुड मॉर्निंग टाकतो आणि विषय संपला. तक्रार एकपण जात नाही, आणि गेली तर अशी मोघम जाते की तिथल्या क्लार्कलाही कळत नाही तिचं करायचं काय. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी एक घोळ मिटवूया. "राज्याचा निधी केंद्राच्या उमेदवारासाठी वापरला" ही भाषा बरीचशी अमेरिकेच्या बातम्यांतून आलीय. तिकडे राज्याच्या निवडणुकीसाठी जमवलेला पैसा वेगळा आणि संसद किंवा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा पैसा वेगळा, दोघांचे देणग्यांचे नियम वेगळे, आणि २००२ च्या मॅककेन-फाइनगोल्ड कायद्याने राज्यातला ढिल्या नियमांचा पैसा केंद्रीय उमेदवाराच्या प्रचारात घालायला बंदी आणली. २०२३ साली फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले तेव्हा त्यांच्या राज्यातल्या कमिटीकडचे आठ कोटी डॉलरच्या वरचे पैसे त्यांच्या बाजूच्या सुपर पॅकला (उमेदवारापासून वेगळी राहून अमर्याद पैसा खर्च करणारी संस्था) देण्यावरून कॅम्पेन लीगल सेंटर ह्या तिथल्या संस्थेने फेडरल इलेक्शन कमिशनकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाकडे, तक्रार केली होती, ती ह्याच मुद्द्यावर.

आपल्याकडे असा कायदाच नाही. विधानसभा काय आणि लोकसभा काय, दोन्ही निवडणुका भारत निवडणूक आयोगच घेतो (पंचायत, झेडपी, नगरपालिका तेवढ्या गोवा राज्य निवडणूक आयोगाकडे, तिकडे लोकसभेची तक्रार घेऊन जाऊ नका, ते घेणार नाहीत), आणि प्रदेश शाखेने लोकसभेच्या उमेदवारासाठी पैसा काढला म्हणून लगेच गुन्हा होत नाही. त्यामुळे तक्रारीत नुसतं "राज्याचा पैसा वापरला" लिहिलं तर ती फाईलला लागून पडेल. आपल्याकडे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पैसा कुठल्या खिशातून आला, आणि तो उमेदवाराच्या हिशेबात दिसतोय का.

खिसे तीन धरा.

पहिला खिसा सरकारचा. म्हणजे जनतेचा. माहिती आणि प्रसिद्धी खात्याची जाहिरात, खात्याचा कार्यक्रम, सरकारी गाडी, कर्मचारी, रेस्ट हाऊस. आचारसंहिता लागल्यावर सत्ताधारी पक्षाला सरकारी खर्चाने स्वतःची जाहिरात करता येत नाही, मंत्र्याला सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही. इथे एक पैसा जरी उमेदवारासाठी गेला तरी तो चुकीचाच, "उमेदवाराच्या खर्चात दाखवला" म्हणून सुटका नाही. सरकारी नोकराची मदत उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी प्रचाराला घेतली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) खाली ते भ्रष्ट आचरण ठरू शकतं, म्हणजे निवडूनसुद्धा आलेली जागा जाऊ शकते.

दुसरा खिसा पक्षाचा. ह्यात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ. पक्षाच्या खर्चाला आपल्या देशात मर्यादाच नाही, मर्यादा आहे ती उमेदवाराला. गोव्यात लोकसभेच्या उमेदवाराला ७५ लाख, विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख, २०२२ च्या जानेवारीत वाढवलेले आकडे आहेत (मोठ्या राज्यांत ९५ आणि ४०). मग उघड आहे, कुठलाही हुशार अकाउंटंट काय करणार, उमेदवाराचा खर्च उचलून पक्षाच्या नावावर टाकणार. हा खेळ जुना आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी खास केलेला खर्च, त्याला तो चालत असेल आणि त्याने त्यात भाग घेतला असेल, तर त्याचाच धरायचा, आणि त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडून तो निकाल बाजूला सारण्यात आला. पक्षाने किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्च उमेदवाराचा नाही असं कायद्यातच लिहिलं. तब्बल २००३ पर्यंत ते तसंच होतं. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बरीच बुजवली, आता फक्त पक्षाच्या नेत्यांचा, ज्यांना आपण स्टार प्रचारक म्हणतो त्यांचा, प्रवासखर्च तेवढा बाहेर राहतो. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० स्टार प्रचारक देता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्याला २०. तेव्हा "पक्षाने केला, आमचा काय संबंध" हे उत्तर आज चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण कार्यकर्ते तुमच्या तोंडावर तेच सांगणार.

तिसरा खिसा इतरांचा. आमदार, झेडपी मेंबर, सरपंच, कॉन्ट्रॅक्टर, एखादा स्पोर्ट्स क्लब, कुणीही. आमदाराने लोकसभेच्या उमेदवारासाठी बॅनर छापले आणि उमेदवाराची त्याला परवानगी होती तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यात गेला पाहिजे. परवानगी नव्हती असं उमेदवार म्हणाला तर मग आमदार अडकतो, कारण उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे (जुनं आयपीसीचं १७१-एच, तेव्हा दंड होता ५०० रुपये, आता १०,००० पर्यंत). दोघांपैकी एकाने तरी उत्तर द्यावंच लागतं. तक्रार लिहिताना हाच मुद्दा धरायचा.

आता तारखा, कारण अर्ध्या तक्रारी ह्या तारखांवर पडतात. उमेदवाराचा खर्च मोजायचा तो अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. २०२४ चंच बघा. आचारसंहिता लागली १६ मार्चला, गोव्यातले अर्ज सुरू झाले १२ एप्रिलला, मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. म्हणजे १६ मार्च ते अर्ज भरेपर्यंत जवळजवळ महिनाभर जे काही झालं, कोपरा सभा म्हणा, दारोदारी फिरणं म्हणा, ते उमेदवाराच्या ७५ लाखांत आलंच नाही. आचारसंहिता लागू, पण मीटर बंद. पक्ष ह्याच महिन्यात हात सैल सोडतात, आणि ते बेकायदा नाही, कितीही खटकलं तरी. फक्त एक पकड आहे: अर्जाच्या आधी छापून घेतलेला माल अर्जानंतर वापरला तर त्याचा खर्च धरावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये छापलेले झेंडे-टोप्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिसले तर ते हिशेबात यायला पाहिजेत.

आचारसंहितेच्या आधी सरकारी जाहिराती आल्या तर? तेव्हा निवडणूक आयोगाकडे जाऊन काही होणार नाही. तेव्हा सुप्रीम कोर्टाचा कॉमन कॉज केसमधला १३ मे २०१५ चा निकाल कामाला येतो, त्यात सरकारी जाहिरातींचे नियम घालून दिलेत: जाहिरातीतून सत्ताधारी पक्षाचं राजकीय हित साधायचं नाही, पक्षाचं चिन्ह नको. फोटोंवरचे निर्बंध मार्च २०१६ मध्ये सैल झाले, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचे फोटो परत चालायला लागले, म्हणून नुसता फोटो दिसला की धावत सुटू नका.

आचारसंहिता लागल्या लागल्या पहिले तीन दिवस मात्र सोन्याचे. सरकारी मालमत्तेवरची राजकीय पोस्टरं-बॅनरं २४ तासांत उतरली पाहिजेत, बसस्टँड-पूल-विजेचे खांब असल्या सार्वजनिक जागांवरची ४८ तासांत, खाजगी जागेवरची बेकायदा असतील ती ७२ तासांत. चौथ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून तुमच्या मतदारसंघात एक चक्कर मारा आणि जे जे अजून लटकतंय त्याचा फोटो काढा. ह्याला वकील लागत नाही.

पुरावा कसा गोळा करायचा ते नीट सांगतो, कारण पैशाच्या तक्रारीत खरा जीव तिथेच आहे.

बॅनर असेल तर दोन फोटो काढा, एक लांबून, ज्यात आजूबाजूची ओळखीची जागा दिसेल (मार्केट, चर्च, देवळाची कमान, काहीही), आणि एक जवळून, ज्यात खालची बारीक अक्षरं वाचता येतील. त्या बारीक अक्षरांत मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ ने छापील पत्रकांना आणि पोस्टरांना ते सक्तीचं केलंय, नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकाशक म्हणून कोणाचं नाव आहे त्यावरूनच तुम्हाला कळतं कुठला खिसा. पक्षाच्या प्रदेश कार्यालयाचं नाव आणि वर उमेदवाराचा हसरा फोटो असेल तर तुमची तक्रार अर्धी तयार झाली.

सभा असेल तर भाषण रेकॉर्ड करत बसू नका, सामान मोजा. खुर्च्या किती, मांडव केवढा, स्पीकर किती, एलईडी स्क्रीन किती, बाहेर बसेस किती आणि कुठल्या. जिल्हा निवडणूक अधिकारी प्रत्येक निवडणुकीला दरांची यादी काढतात, खुर्चीपासून चहा-नाश्त्यापर्यंत सगळ्याचा दर त्यात असतो, आणि खर्च त्या दराने धरला जातो. तुम्ही आकडा दिला तर अधिकाऱ्याला गुणाकार करावाच लागतो. "प्रचंड खर्च केला" लिहिलं तर काहीच करावं लागत नाही.

बसेसबद्दल जरा जास्त लिहितो. सभेच्या दिवशी कदंबाच्या बसेस उभ्या दिसल्या की लोक सरकारी बस वापरली म्हणून ओरडतात, पण पक्षाने रीतसर भाडं भरून बस घेतली असेल तर त्यात गैर काही नाही, गैर आहे ते भाडं न भरणं किंवा भरून हिशेबात न दाखवणं. म्हणून बसचे नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि नंतर कदंबा महामंडळाकडे आरटीआय टाका: अमुक तारखेला ह्या ह्या नंबरच्या बसेस कोणाच्या नावावर बुक होत्या, किती पैसे भरले, कोणी भरले, पावतीची प्रत द्या. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. हॉलचं पण तसंच. रवींद्र भवन असो, फोंड्याचं कला मंदिर असो, बुकिंगचा अर्ज कोणाच्या सहीचा आहे हे एक कागद सांगून टाकतो. पक्षांकडे आरटीआय टाकण्यात मात्र वेळ घालवू नका. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना आरटीआय लागू होतो असा आदेश दिला होता, पक्षांनी तो मानलाच नाही. त्यापेक्षा ज्या सरकारी दुकानातून पक्षाने काही घेतलं त्या दुकानदाराला विचारा.

वर्तमानपत्रातल्या जाहिराती: अख्खं पान जपून ठेवा, कात्रण नको, तारीख आणि पानाचा नंबर दिसला पाहिजे. तरुण भारत, गोमन्तक, नवप्रभा, जिथे आली असेल तिथलं. नियम सोपा आहे, नुसता पक्ष आणि चिन्ह असेल तर पक्षाचा खर्च, उमेदवाराचं नाव किंवा फोटो आला की उमेदवाराचा. बातमीच्या वेषात जाहिरात वाटली तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन आणि देखरेख समितीकडे पाठवा. पेड न्यूजचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आपल्या शेजारचंच, अशोक चव्हाणांचं, २००९ च्या विधानसभेचं. त्यात सुप्रीम कोर्टाने मे २०१४ मध्ये सांगितलं की उमेदवाराने दिलेला हिशेब खरा का खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. पुढे दिल्ली हायकोर्टात चव्हाणांना दिलासा मिळाला ते वेगळं, पण तपासायचा अधिकार आयोगाकडे राहिला, आणि तुमच्या तक्रारीला जोर येतो तो त्या अधिकारामुळे.

मोबाईलमधली मूळ फाईल डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो आला की त्यातली वेळ-जागेची माहिती उडालेली असते. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं (पूर्वीचं ६५-बी), ते ज्याच्या फोनवर काढला त्यालाच देता येतं बिनधास्त, चुलतभावाच्या मित्राच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओला कोण देणार.

आता स्टेजचा प्रश्न, खास गोव्याचा. आपल्याकडे दोन लोकसभा आणि ४० विधानसभा, एकेका खासदाराखाली वीस आमदार, त्यामुळे स्टेजवर गर्दी असतेच. २०१९ ला तर लोकसभेच्या मतदानादिवशीच, २३ एप्रिलला, म्हापसा, मांद्रे आणि शिरोडा ह्या तीन विधानसभा पोटनिवडणुका होत्या. म्हणजे शिरोड्यात एकाच मांडवात दक्षिण गोव्याचा लोकसभा उमेदवार आणि शिरोड्याचा विधानसभा उमेदवार बसले तर खर्च कोणाचा? आयोगाचा नियम असा की स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार स्टेजवर बसला किंवा त्याच्या नावाचे-फोटोचे बॅनर तिथे लागले की सभेचा खर्च त्याच्यावर येतो, आणि उमेदवार एकाहून जास्त असतील तर सारखा वाटायचा. समजा सहा लाखांची सभा झाली, तीन तीन लाख. लोकसभेवाल्याला तीन लाख म्हणजे काहीच नाही, पण २८ लाखवाल्याला तीन लाख लागतात, त्यामुळे सगळं लोकसभेवाल्याच्या किंवा पक्षाच्या नावावर ढकलायचा मोह होतो. उलटं पण होऊ शकतं. म्हणून स्टेजवर कोण कोण बसलं होतं त्याचा एक स्वच्छ फोटो पाहिजेच पाहिजे. लोकसभा-विधानसभा एकत्र घ्यायचं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलंय, ते झालं तर हा प्रश्न तीन जागांपुरता राहणार नाही, चाळीसच्या चाळीस जागांवर येईल.

तसंच गाडीचं. स्टार प्रचारकाचा प्रवास सुटतो, पण उमेदवार त्याच्याच गाडीत किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसून फिरला की प्रवासाचा निम्मा खर्च उमेदवाराचा. एक फोटो बस आहे. प्रचाराच्या गाडीला निवडणूक अधिकाऱ्याचा परवाना लागतो आणि मूळ प्रत काचेवर चिकटवलेली असते, नसेल तर तेही टिपा.

तक्रार कुठे? तीन वाटा, आणि प्रत्येकीचं काम वेगळं.

डोळ्यासमोर काही चालू असेल, पैसे वाटतायत, सरकारी गाडीतून झेंडे उतरवतायत, तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप. त्यात तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढायचा, गॅलरीतला जुना चालत नाही, लोकेशन आपोआप जातं, आणि १०० मिनिटांत निकाल लावायचा असं ठरलेलं आहे. नाव न देता पण टाकता येते, पण मग पुढे काय झालं ते तुम्हाला कळणार नाही. १९५० वर फोन पण करता येतो. हे सगळं तातडीचं काम, हिशेबाची भानगड ॲपवर सुटत नाही.

हिशेबाच्या तक्रारीला कागदच. जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे कलेक्टर, उत्तरेचा पणजीला, दक्षिणेचा मडगावला, आणि लोकसभेला निवडणूक निर्णय अधिकारीही तेच असतात. एक प्रत खर्च निरीक्षकाला (बाहेरून आलेला अधिकारी, बहुतेक इन्कम टॅक्स-कस्टम्सवाला, त्याचा फोन नंबर निवडणुकीच्या काळात पेपरात येतो), एक प्रत पणजीत आल्तिनोला मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसात. पोच घ्या, शिक्का आणि इनवर्ड नंबरसकट. पोच नाही तर तक्रार नाही.

एक भानगड इथे फोंडा तालुक्यातल्यांनी बघून ठेवावी. फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिण गोवा लोकसभेत, पण प्रियोळ उत्तरेत. म्हणजे फोंडा शहरातल्या बॅनरची तक्रार एकीकडे आणि थोडं पुढे प्रियोळमध्ये गेलात की उमेदवारच वेगळा, कलेक्टरही वेगळा. तालुका न बघता विधानसभा मतदारसंघ बघा.

तक्रारीचा मसुदा साधारण असा:

"महोदय, दि. अमुक रोजी संध्याकाळी अमुक वाजता अमुक ठिकाणी (विधानसभा मतदारसंघ अमुक) अमुक पक्षाची सभा झाली. स्टेजवर लोकसभा उमेदवार श्री. अमुक हजर होते, फोटो १. त्यांच्या नावाचे अंदाजे ४० बॅनर होते, फोटो २ ते ६, त्यावर प्रकाशक म्हणून अमुक यांचं नाव आहे. अंदाजे ८०० खुर्च्या, दोन एलईडी स्क्रीन, आणि पुढील नंबरच्या बसेस होत्या. हा खर्च उमेदवाराच्या खात्यात दाखवला आहे की नाही ते तपासावं, दाखवला नसल्यास छाया निरीक्षण नोंदवहीत आणि पुरावा फोल्डरमध्ये घ्यावा, उमेदवाराला नोटीस द्यावी आणि उमेदवाराने संमती नाकारल्यास प्रकाशकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली कारवाई करावी. केलेल्या कारवाईची माहिती मला लेखी द्यावी."

बस. "लोकशाहीचा खून" वगैरे नको. ती छाया निरीक्षण नोंदवही म्हणजे आयोगाच्या माणसांनी उमेदवाराच्या खर्चाची स्वतः ठेवलेली समांतर वही, उमेदवाराची वही तिच्याशी ताडून बघतात, प्रचाराच्या काळात तीनदा. तिचं नाव तुमच्या कागदावर दिसलं की समोरच्याला कळतं ह्याला माहीत आहे. आणि सगळीकडे "आढळलं", "दिसलं", "तपासावं" असंच लिहा, "चोरी केली" लिहू नका. फेसबुकवर तर अजिबात नको, अब्रुनुकसानीची केस तुमच्यावर यायची आणि खरा मुद्दा राहायचा बाजूला. तपास होईपर्यंत तो आरोपच असतो, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असलं तरी.

निकाल लागला की लोक घरी जातात, तिथेच खरं काम सुरू होतं. उमेदवाराला, हरलेल्यालासुद्धा, निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो कुणीही बघू शकतो, निवडणूक नियमांच्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया फी भरून. हो, एक रुपया. प्रती हव्या असतील तर त्याची फी वेगळी. तिथे गेलात की जाडजूड गठ्ठा बघून घाबरू नका. रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोखीचा गुलाबी, बँकेचा पिवळ्या, आणि मागे तक्ते जोडलेले असतात: साध्या सभांचा वेगळा, स्टार प्रचारकाबरोबरच्या सभांचा वेगळा, छपाई, जाहिराती, गाड्या. तुम्ही फक्त तुमच्या सभेची तारीख शोधा. आहे का? असेल तर किती खुर्च्या दाखवल्यात? ८०० च्या २०० झाल्या असतील तर तुमचा फोटो आणि तो कागद शेजारी ठेवून आयोगाला परत लिहा. एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेली नोंद दिसली तर तीही टिपा, त्यापुढे चेक नाहीतर ऑनलाइनच चालतं. पक्षाने उमेदवाराला किती पैसे दिले ते पण ह्याच हिशेबात यावं लागतं.

हिशेब दिलाच नाही किंवा नियमाप्रमाणे दिला नाही तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र करता येतं.

मर्यादा ओलांडली असं सिद्ध करून निवडच रद्द करायची असेल तर मात्र रस्ता एकच, पर्वरीला हायकोर्टात निवडणूक याचिका, आणि मुदत फक्त ४५ दिवस. गणित बघा: २०२४ ला निकाल ४ जूनचा, हिशेब द्यायची मुदत ४ जुलैला संपली, याचिकेची १९ जुलैला. म्हणजे उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला तर तो बघून, प्रती काढून, वकील गाठून याचिका घालायला तुमच्या हातात पंधरा दिवस. म्हणून सांगतो, पुरावा आधीच फाईलला लावून ठेवा, हिशेब आला की फक्त ताडून बघायचं राहिलं पाहिजे. याचिका मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो, २,००० रुपये अनामत, पण वकिलाचा खर्च आणि वेळ बघता एकट्यादुकट्याचं काम नाही. बहुतेक वेळा हरलेला उमेदवारच जातो, आणि तुमची पोच घेतलेली तक्रार त्याला पुरावा म्हणून लागते.

शेवटचा कागद पक्षाचा. लोकसभेनंतर ९० दिवसांत (विधानसभेनंतर ७५) पक्षाला निवडणूक खर्चाचं विवरण आयोगाला द्यावं लागतं, ते आयोगाच्या वेबसाइटवर येतं. त्यात पक्षाचा सर्वसाधारण प्रचार वेगळा आणि उमेदवारांना दिलेले पैसे वेगळे दाखवलेले असतात. तुमच्या उमेदवाराचं नाव शोधा, पक्षाने त्याला अमुक दिले म्हटलंय आणि त्याच्या हिशेबात तमुक मिळाले म्हटलंय, दोन आकडे जुळतात का बघा. नाही जुळले तर दोन्ही पानांच्या प्रती जोडून तक्रार, ह्यावेळी थेट दिल्लीला निवडणूक आयोगाच्या सचिवांच्या नावे, एक प्रत आल्तिनोला. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती पहिल्या तक्रारीच्या पोचेबरोबर एकाच फाईलला लावा.